आठ टायर फुकट: किर्शहाइमच्या एका गोल्फ गाडीची हिवाळी टायरची केस

माझा मावसभाऊ, चिंचवडचा, वय ३१, गाड्यांच्याच धंद्यातला इंजिनिअर. २०२४च्या मेमध्ये नोकरीसाठी जर्मनीत आला, ऑफिस उल्मला आणि घर किर्शहाइमला, म्हणजे स्टुटगार्टच्या जरा अलीकडे, ए८ या ऑटोबानच्या (एक्स्प्रेसवेच्या) कडेलाच. आठवड्यातून तीन दिवस जाऊन येऊन साधारण १२० किमी. ऑगस्टमध्ये त्याने २०१३ची फोक्सवॅगन गोल्फ घेतली, पेट्रोल, १.२ लिटर, एका घरगुती मालकाकडून. जाहिरातीत लिहिलं होतं "आख्ट-फाख बेराइफ्ट", शब्दशः आठपट टायरवाली, म्हणजे उन्हाळ्याचे चार गाडीला लावलेले आणि हिवाळ्याचे चार तळघरात ठेवलेले, दोन्ही सेट गाडीबरोबरच मिळणार. पठ्ठ्याने मला फोन करून सांगितलं ताई आठ टायर फुकट मिळाले. मी म्हटलं बघितलेस का नीट? तर म्हणे हो की, नक्षी मस्त आहे, बोट जातं आत.

तर ही सगळी केस त्या "बोट जातं आत" ची आहे.

मी इथे नऊ हिवाळे काढलेत, टायर तज्ज्ञ वगैरे काही नाही, पण दर ऑक्टोबरला हा सोहळा करावाच लागतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी पुण्या-मुंबईकडून नवीन आलेलं त्याच चुका करतं. म्हणून एकदाचं सगळं प्रकरण तारखांसकट लिहून ठेवतेय, भावाची परवानगी घेतली आहे, त्याचं फक्त एवढंच म्हणणं आहे की मीम बनवू नका.

आधी नियम काय ते थोडक्यात, कारण यात लय गोंधळ असतो. जर्मनीत अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावाच असा कायदा नाही. लोक "ओ बिस ओ" म्हणतात, ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर, पण ती म्हण आहे, कायदा नाही. कायदा परिस्थितीवर चालतो: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, पातळ गोठलेला थर किंवा दहिवराचा निसरडेपणा असेल तर त्या वेळी गाडीला हिवाळी टायर हवेतच. नोव्हेंबरात कोरड्या रस्त्यावर समर टायरने फिरलात तर दंड नाही, आणि एप्रिलच्या शेवटी अचानक बर्फ पडला आणि तुम्ही समर टायरवर असाल तर आहे. दंड ६० युरो आणि लायसन्सवर दोषाचा १ पॉइंट, रहदारी अडवलीत तर ८०, कोणाला धोका झाला तर १००, अपघात झाला तर १२०. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने तशी चालवू दिली असेल तर त्या मालकालाही ७५ आणि पॉइंट. ही गाडी भावाच्या नावावर आणि चालवते कधीकधी बायको, तिला हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

दुसरी गोष्ट, हिवाळी टायर म्हणजे कोणता? पूर्वी बाजूला "एम+एस" छापलेलं असलं की चालायचं, मड आणि स्नो. पण ते अक्षर कोणीही छापू शकत होतं, त्याला कसली परीक्षा नव्हती. आता तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चित्र लागतं, ते मिळवायला टायरला बर्फावरची टेस्ट पास करावी लागते. २०१७च्या शेवटपर्यंत बनलेल्या नुसत्या एम+एस टायरला सवलत दिली होती, ती ३० सप्टेंबर २०२४ला संपली. भावाने गाडी ऑगस्ट २०२४मध्ये घेतली. ही तारीख लक्षात ठेवा.

मंगळवार, ऑक्टोबरचा चौथा आठवडा, सकाळचे सात

अंधार, रिमझिम, पारा ९ डिग्री. घरापासून दोन किमीवर एक गोल चक्कर आहे आणि त्याच्या आधीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठी झाडं. इथे ऑक्टोबरात झाडं पानं गाळतात म्हणजे शब्दशः गालिचा पसरतो, घरासमोरच्या फुटपाथवरची पानं झाडायची पाळी आमच्यासारख्या भाडेकरूंवर असते पण रस्त्यावरची नगरपालिका काढेल तेव्हा काढेल. ती पानं भिजली, वरून शे-दोनशे गाड्या गेल्या की त्यांचा जो लगदा होतो तो साबणासारखा. भाऊ म्हणतो स्पीड चाळीसच होता. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) कडकड वाजलं, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच गेली आणि पुढचं उजवं चाक कठड्यावर आदळून थांबली. कोणाला काही नाही झालं. अलॉय रिमची कड चेपली आणि नंतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, एवढंच नुकसान.

आता इथे सगळे तज्ज्ञ जागे झाले. ऑफिसमधले म्हणाले बघ, समर टायर, सांगितलं होतं ना. चिंचवडहून काका, म्हणजे त्याचे बाबा, म्हणाले जर्मनीचे रस्ते एवढे गुळगुळीत कशाला करतात. मी शनिवारी तिकडे गेले आणि आम्ही दोघांनी शांतपणे बसून बघितलं की नेमकं काय घडलं.

मला अजूनही वाटतं की समर टायर हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. समर टायरचं रबर थंडीत कडक होत जातं हे खरं, सात डिग्री हा आकडा सगळे सांगतात, पण सात म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, हळूहळू पकड कमी होते, आणि त्या दिवशी तर नऊ होते. शिवाय ओल्या पानांवर नवेकोरे विंटर टायर पण सरकतात, कारण टायर रस्त्याला टेकतच नाही, तो पानाला टेकतो आणि पान रस्त्यावरून घसरतं. मग सापडलं काय? दोन गोष्टी.

एक, हवा. पेट्रोल पंपावर जाऊन मोजली तर चारही टायरमध्ये २.० बार (हवेच्या दाबाचं इथलं माप), आणि दाराच्या आत चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे हवी २.३. पंक्चर नाही, गळती नाही. ऑगस्टमध्ये ३० डिग्रीला मालकाने २.३ भरून दिली होती, ऑक्टोबरच्या त्या शनिवारी सकाळी होते ४. हवा गार झाली की दाब उतरतो, दर दहा डिग्रीला साधारण ०.१ बार, शाळेतलं गॅसचं गणित आहे, भावाला पंपावर उभं राहून करायला लावलं तर २.०२ आलं. मग तो म्हणाला पण ताई डॅशबोर्डवर लाइट का नाही लागला, प्रेशरचा सेन्सर आहे ना. नाहीये. या गोल्फमध्ये चाकात सेन्सरच नाही, गाडी एबीएसच्या सेन्सरवरून बघते की कुठलं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि मग त्याला जास्त फेरे मारावे लागतात. एक टायर बसला तर लगेच ओरडते. चारही सारखेच बसले तर तिला काही वावगं दिसत नाही. थंडीत चारही सारखेच बसतात. बारा महिने "लाइट लागेल तेव्हा बघू" म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्या, महिन्याला एकदा गेज लावा, आणि टायर गार असताना लावा, ऑटोबानवरून उतरून गरम टायरला नाही.

दुसरी गोष्ट नक्षी. दोन युरोच्या नाण्याची बाहेरची चंदेरी कड साधारण ४ मिमी असते, ती खाचेत उभी घातली आणि कड पूर्ण बुडाली नाही तर समजायचं ४ पेक्षा कमी. एक युरोची सोनेरी कड ३ मिमी. पुढच्या समर टायरमध्ये एक युरोची पण धड बुडाली नाही. कायद्याने १.६ चालतं, म्हणजे गुन्हा नाही, पण ओल्या रस्त्यावर पाणी आणि घाण बाहेर फेकायला खोली लागते आणि तिथे ती नव्हतीच. मागचे जरा बरे होते, साडेचार.

तर कमी हवा, झिजलेली नक्षी, अंधारात ओल्या पानांवर ४०, आणि चौथं कारण माणूस: त्याला पुण्यातल्या पावसाची सवय, जिथे पहिल्या पावसात तेल वर येतं आणि सगळे आपोआप हळू चालवतात, इथे रस्ता दिसायला स्वच्छ म्हणून तो बिनधास्त. हे मी त्याच्या तोंडावर बोलले, चालेल.

तळघरातले चार

मग तळघरात गेलो. चार टायर, काळ्या स्टीलच्या रिमवर, एकावर एक रचलेले, रिमसकट असतील तर तसेच रचायचे असतात, बरोबर होतं. साइझ १९५/६५ आर१५, गाडीला लावलेले २०५/५५ आर१६. भाऊ घाबरला की साइझ वेगळी. मी म्हटलं घाबरू नकोस, हिवाळ्यात एक नंबर लहान रिम आणि जरा अरुंद टायर लावतात, स्वस्त पडतो, फक्त गाडीच्या सीओसी, म्हणजे कंपनीच्या मंजुरीच्या, कागदावर ती साइझ पाहिजे. कागदात होती. नक्षी सहा मिमीच्या वर. बोट खरंच आत जात होतं. तो माझ्याकडे बघून हसला.

मग मी मोबाइलचा टॉर्च लावून कडेवरची लंबगोल चौकट शोधली, डीओटीच्या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, तिथे ३८१३. म्हणजे २०१३चा ३८वा आठवडा, सप्टेंबरचा मधला. गाडीबरोबरच जन्मलेले, अकरा वर्षांचे. खाचेच्या तळाशी केसाएवढ्या भेगा, आणि अंगठ्याचं नख रुतवून बघितलं तर प्लास्टिकच्या बादलीसारखं कडक. शेजारी माझ्या गाडीच्या दोन वर्षांच्या विंटर टायरला त्याने नख लावलं तेव्हा त्याला फरक कळला, तो चेहरा फोटो काढण्यासारखा होता. आणि चांदणीवाला डोंगर? कुठेच नाही. नुसतं एम+एस, स्वस्तातल्या टायरवर असायचं तसं.

म्हणजे बघा, जुन्या मालकाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये ते कायद्याने विंटर टायर होते. १ ऑक्टोबरला सकाळी उठल्यावर ते नव्हते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी अकरा वर्षांचं विंटर टायरचं रबर हे फक्त नावाला विंटर, त्याचा सगळा खेळच मऊपणावर असतो, ठोकळ्यांमध्ये त्या ज्या बारीक नागमोडी चिरा असतात त्या रबर वाकलं तरच उघडतात आणि बर्फाला चावतात, रबर लाकूड झालं की चिरा असून नसल्यासारख्या. वयाची कायदेशीर मर्यादा साध्या कारला नाही, पण सहा-आठ वर्षांनंतर विंटर टायरवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

इथेच आपल्याकडचा डोळा फसतो. आपल्याकडे टायर बघायची रीत म्हणजे गोटा झालाय की नाही, नक्षी असली की टायर चांगला, पंक्चरवाला पण तेच बघून सांगतो "अजून दहा हजार जाईल". काकांनी व्हिडिओ कॉलवर ते टायर बघितले आणि म्हणाले अरे हे तर शोरूम कंडिशनचे आहेत, फेकताय काय, इकडे पाठवा. आपल्या हवेत टायर आधी झिजून संपतो त्यामुळे ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत. इथे वर्षातले सहा महिने टायर तळघरात पडून असतो, तो झिजत नाही, नुसता म्हातारा होतो.

पर्याय काय होते

पहिला, तेच लावून हिवाळा काढायचा. हा मी पाच मिनिटं पण बोलू दिला नाही. दुसरा, सेकंडहँड विंटर टायर, इथे जाहिरातींमध्ये ढिगाने मिळतात, पण आत्ताच तोंड पोळलंय तर पुन्हा तेच कशाला.

तिसरा पर्याय खरा विचार करण्यासारखा होता, ऑल सीझन टायर, म्हणजे वर्षभर एकच सेट, बदलायची भानगड नाही, साठवणीचा खर्च नाही, आणि चांदणीचं चित्र असलेला घेतला तर कायद्यालाही चालतो. स्टुटगार्ट शहर खोलगट भागात आहे, तिथे बर्फ पडतो आणि दुपारपर्यंत वितळतो, नुसतं शहरात फिरणाऱ्याला मी बिनधास्त ऑल सीझन सांगते. पण याचा रस्ता बघा. किर्शहाइम साधारण ३०० मीटर उंचीवर, आणि उल्मला जाताना ए८ श्वेबिश आल्बचा डोंगर चढून पावणेआठशे मीटरच्या आसपास जाते. चढाची आणि उताराची लेन तिथे वेगवेगळ्या बाजूंनी जातात, जुना रस्ता, अरुंद, बाजूला थांबायला पट्टी नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटाचा धाकटा भाऊ म्हणा. खाली पाऊस असताना वर बर्फ असणं हे तिथलं नेहमीचं. आठवड्यात तीनदा सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला तो घाट करणाऱ्याने पूर्ण विंटर टायरच घ्यावा असं माझं मत पडलं. बायकोने पण तेच म्हटलं म्हणून विषय संपला.

चौथा पर्याय, स्टीलच्या रिम चांगल्या आहेत, त्यावर नवीन विंटर टायर चढवायचे. तेच केलं. मधल्या रेंजचे, एकेक ७२ युरो, चारचे २८८, चढवणं-बॅलन्सिंग-नवीन व्हॉल्व्ह ८०, जुने टायर घेऊन जायचे १२. सगळे मिळून ३८०. तेव्हाच्या भावाने चौतीस हजार रुपये. काका म्हणाले एवढ्यात तर आपली ऍक्टिव्हा अर्धी येते. फुकटचे आठ टायर.

आता एक धडपड सांगते जी कामाची आहे. गाडी घेऊन टायर बदलायची अपॉइंटमेंट वर्कशॉपमध्ये मागितली तर तीन आठवड्यांनंतरची तारीख, कारण पहिली थंडी पडली की अख्खा जिल्हा एकाच वेळी जागा होतो. पण नुसती सुटी चाकं घेऊन गेलं की काम लवकर होतं, गाडी लिफ्टवर चढवायची नसते ना. माझ्या गाडीच्या मागच्या सीट पाडून चारही चाकं नेली, तीन दिवसांत नवीन टायर चढून आले. गाडीला चाकं लावायचं काम घरी करायचं ठरलं. शनिवारी, रविवारी नाही, रविवारी इथे हातोडीचा आवाज केलात तर शेजारी खिडकीतून बघतात.

ऑर्डर देताना एक गंमत झाली. टायरवर साइझच्या शेवटी ९१टी, त्यातलं टी म्हणजे ताशी १९० किमीच्या स्पीडपर्यंत चालेल. गाडीच्या कागदावर टॉप स्पीड १९२. दोन किमीसाठी आता ड्रायव्हरच्या समोर दिसेल असा "१९०" चा स्टिकर लावावा लागतो, विंटर टायरला कमी स्पीडची परवानगी आहे पण स्टिकर हवा. ही गाडी उतारावर वारा पाठीशी असताना १६५ला दम टाकते. स्टिकर लावला.

शनिवार, आणि खालचे आजोबा

खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड आजोबा राहतात, अस्सल श्वाबिश, म्हणजे इथल्याच भागातले, त्यांनी आम्हाला जॅक काढताना बघितलं आणि काही न बोलता आत जाऊन टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् वाजणारा पाना, घेऊन आले. भावाने तोवर लांब पान्यावर उभं राहून बोल्ट आवळायची तयारी केली होती, आपल्याकडे जसं करतात, पायाने. आजोबांनी नुसती मान हलवली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मलाही सुचला नव्हता: बोल्ट कुठले? म्हणजे असं, इथे बहुतेक गाड्यांना नट नसतो, बोल्ट थेट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, जातो. समरच्या अलॉय रिम बाहेरून घेतलेल्या होत्या, कंपनीच्या नाहीत, त्यांच्या बोल्टचं डोकं खालून शंकूसारखं. कंपनीच्या स्टीलच्या रिमला डोकं खालून गोल, चेंडूसारखं लागतं. शंकूवाला बोल्ट गोल खाचेत घातला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर आणि मग चालता चालता ढिला होतो. जुन्या मालकाने दिलेल्या सामानात एक कळकट पिशवी होती जी भाऊ फेकून देणार होता, त्यात वीस बोल्ट, गोल डोक्याचे. देव तारी म्हणतात ते हे.

पुढचं सगळं क्रमाने झालं: सपाट जागा, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, बोल्ट आधी जमिनीवरच थोडे सैल, मग जॅक, तोही दाराखाली जिथे खूण आहे तिथेच. टायरवर बाण होता तो फिरायच्या दिशेला, डावे उजवे उलटे लावले तर पाणी बाहेर जायच्याऐवजी आत ओढतो. बोल्ट चांदणीसारखे समोरासमोरचे आवळत, शेवटी चाक जमिनीवर टेकवून १२० न्यूटन मीटर, पाना टक् वाजला की थांबायचं, पुन्हा जोर लावायचा नाही. पुढे साडेतीन तास लागले कारण आजोबा दर बोल्टला थांबत होते. मग हवा, २.३ नाही तर २.५ भरली, थंडीत अजून उतरणार हे धरून ०.२ जास्त, आणि गाडीच्या मेनूत जाऊन प्रेशरची सिस्टीम नव्याने सेट केली, नाहीतर ती जुन्या चाकांचेच फेरे मोजत बसते.

काढलेल्या चाकांवर खडूने खूण करायची असते कुठलं कुठे होतं ते. इथे जर्मनमध्ये दोन अक्षरं लिहितात. भावाने मराठीत लिहिलं: पुडा, पुउ, माडा, माउ. पुढचं डावं, पुढचं उजवं, असं. चेपलेल्या रिमवर पुउच्या खाली "मेला" लिहिलं.

आमच्या हातून एक चूक झालीच. पन्नास-शंभर किमी चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, हे सगळे सांगतात आणि बहुतेक जण करत नाहीत. भावाने सोमवारी उल्मला जाऊन येऊन आजोबांच्या धाकाने पाना लावला तर मागच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट पाव वळसा फिरला. कारण शोधलं, चाक काढलं, तर हबवर गंजाचा पापुद्रा, आम्ही तीन हबवर तारेचा ब्रश मारला होता आणि चौथ्यापर्यंत येता येता अंधार पडला म्हणून तसंच लावलं. रिम आणि हबच्या मधला तो गंज दबला आणि तेवढी जागा सैल झाली. पाव वळसा म्हणजे चाक निघणार नव्हतं, पण हजार किमीनंतर काय झालं असतं सांगता येत नाही. नवीन टायर पहिले दोन-तीनशे किमी जरा दमानेच चालवायचे असतात, वरचा गुळगुळीत थर जायला लागतो, त्यामुळे तो तसाही हळू चालवत होता हे नशीब.

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा

उल्महून परत येताना संध्याकाळी वर आल्बच्या पठारावर बर्फ सुरू झाला. खाली उतरायचा रस्ता, पुढे एक ट्रक आडवा झाला आणि सगळं थांबलं. तीन तास. भाऊ फोनवर होता, घाबरला नव्हता, हीटर किती वेळ चालू ठेवू विचारत होता, मी म्हटलं पेट्रोल किती आहे, तर पाव टाकी. हे पण आता त्याच्या यादीत आहे: घाट करायच्या दिवशी टाकी अर्धी, डिकीत ब्लँकेट, पाणी, चकली. चकली त्याने स्वतः घातली.

रस्ता मोकळा झाला तेव्हा उतारावर दहा सेंटीमीटरचा ताजा बर्फ. त्याच्या पुढची एक गाडी निघालीच नाही, चाकं जागच्या जागी फिरत होती, मागून लोक उतरून ढकलत होते. याची गोल्फ दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघाली. मला घरी पोचल्यावर म्हणाला, ताई, निघण्यापेक्षा थांबण्याचं आश्चर्य वाटलं, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. पण त्याच वाक्यात पुढे असंही म्हणाला की पुढच्या गाडीपासून बारा-पंधरा गाड्यांचं अंतर ठेवलं होतं. कोरड्या रस्त्याइतकी पकड बर्फावर कुठलाच टायर देत नाही, हे त्याला त्या गोल चक्करवाल्या कठड्याने शिकवलं होतं, टायरने नाही. त्याच्याकडे नवे टायर होते आणि अकलेलाही नवा थर होता, कशाला किती श्रेय द्यायचं ते मी ठरवू शकत नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून: पुण्याला डिसेंबरात पहाटे दहाच्या खाली जातं, मग तिथे विंटर टायर घ्यायचे का? नाही हो. दोन तासांत ऊन येतं आणि दुपारी तीस होतात, त्या उन्हात विंटर टायर मऊ होऊन लोण्यासारखे झिजतील आणि ब्रेकिंग उलट बिघडेल. हवा मात्र तिथेही थंडीत उतरते, तेवढी बघा. आणि इथून कोणी स्कीइंगला ऑस्ट्रियाला जाणार असेल तर तिथले नियम वेगळे आहेत, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आणि विंटर टायरची नक्षी कमीत कमी ४ मिमी लागते, जर्मनीचं १.६ तिथे चालत नाही.

हिशेब असा बसला: टायर ३८०, चेपलेल्या रिमच्या जागी जुन्यातली एक ९० युरोला, टॉर्क पाना ३५ला (आजोबांचा दरवेळी मागायचा नाही म्हणून). समरचे पुढचे दोन टायर एप्रिलमध्ये नवीन घेतले, आणि नवीन जोडी मागे लावली, मागचे पुढे आणले. त्यावर पण वाद झाला कारण भावाचं म्हणणं इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं, तर चांगले पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते, मागचं घसरलं तर शेपूट फिरते आणि मग साध्या माणसाच्या हातात काही राहत नाही. म्हणून जास्त नक्षी मागे.

२०२५चं ईस्टर २० एप्रिलला होतं, आम्ही त्याच्या पुढच्या शनिवारी चाकं बदलली. आजोबा तळघरात मदतीला आले, चाकं बघितली आणि भावाला विचारलं की ही चित्रं कसली. त्याने समजावून सांगितलं, डावं, उजवं, पुढे, मागे. आजोबांनी चारही नीट बघून घेतली, मग चेपलेल्या चाकावरच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, आणि हे कुठलं चाक?